चार तुकडे रूळ आणि एक वळण



या आठवड्याच्या टपालात नागोठण्याच्या बाजूच्या एका ताईंचे पत्र आहे. गळक्या नळापासून शिलाई मशीनपर्यंत अनेक कामांची चर्चा आपण या सदरात केली, पण खेळातल्या आगगाडीचा प्रश्न प्रथमच आला. ताईंचे यजमान रेल्वेत ट्रॅकमन आहेत. सासरे गँगमन म्हणून निवृत्त झाले. मुलगा नववीत आहे. त्याने दोन वर्षे खाऊचे, बक्षिसाचे आणि सुट्टीत दुकानात बसून मिळवलेले पैसे साठवले आणि एक लहान इंजिन, दोन डबे व लवचिक रुळाचे चार तुकडे मागवले. आता खोके फळीवर तसेच पडून आहे. रूळ कापायला त्याचा हात धजत नाही, कारण चुकला तर पाचवा तुकडा घेण्याची सोय नाही. यजमान म्हणतात, "दिवसभर रूळ, आता घरातही रूळच का?" सासरे काहीच बोलत नाहीत. कधीतरी एक तुकडा उचलून डोळ्याशी धरतात आणि परत ठेवतात. ताई विचारतात, हा पैसा वाया तर गेला नाही ना, आणि हे काम नीट करायचे कसे?

ताई, पैसा वाया गेलेला नाही. आणि तुकडा डोळ्याशी धरणाऱ्या आजोबांना या कामात घेतल्याशिवाय पहिला रूळ कापू नका. का, ते पुढे सांगतो.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. खेळातल्या रेल्वेचे रूळ दोन तऱ्हेचे मिळतात. एक ठरलेल्या मापाचे कडक तुकडे. सरळ तो सरळ, वाकडा तो वाकडा, एकमेकांत अडकवले की गोल तयार. दुसरा हा लवचिक रूळ. त्याची लांबी एक वार म्हणजे ९१४ मिलिमीटर. स्लीपर प्लास्टिकचे असतात आणि खालून बारीक दुव्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. दुव्यांमध्ये जागोजाग फटी ठेवलेल्या असल्यामुळे अख्खा तुकडा हवा तसा वळतो. माप बहुधा 'एचओ' नावाचे असते, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. रेल्वेत काम केलेला माणूस लगेच म्हणेल की आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, त्याला ८७ ने भागले तर १९ च्या वर यायला हवे. बरोबर आहे. हे माप परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळावरून आलेले आहे, आणि आपल्या गाड्यांची मॉडेलेही बहुधा त्याच रुळावर चालवतात. तेवढा फरक डोळ्यांआड करावा लागतो.

रुळाची धातू बहुतेक वेळा निकेल सिल्व्हर असते. नावात चांदी आहे, वस्तूत नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचे हे मिश्रण, ज्याला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात. खोक्यातल्या रुळाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर तो लोखंडी आहे, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यातच तांबूस होईल. चिकटला नाही तर निश्चिंत असा.

आता चार तुकड्यांचे काय करायचे? प्रत्येक मुलाच्या मनात पहिल्यांदा गोल येतो. गाडी गोल फिरते, थांबत नाही, मजा येते. पण हिशेब करून पाहा. चार तुकड्यांची एकूण लांबी सुमारे ३६६ सेंटिमीटर. साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाचा घेर होतो ३७७. म्हणजे गोल पुरा होतच नाही. त्रिज्या कमी केली तर गोल होतो, पण मग डबे अडतात. आपला जुन्या निळ्या रंगाचा आयसीएफ डबा खरा एकवीस मीटरहून जरा लांब, तो या मापात साडेचोवीस सेंटिमीटर होतो. नवा एलएचबी सत्तावीस. इतका लांब डबा आवळलेल्या वळणावर मधोमध आत झुकतो, टोके बाहेर फेकली जातात आणि दोन डब्यांमधली कडी एकमेकींना ओढून चाक वर उचलते. वळण जितके मोठे तितके चांगले. साठ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. दुकानदार पंचेचाळीसचीही शिफारस करतात. लहान मालडबे असतील तर चालतेही, पण लांब डबे तिथे विचित्र दिसतात.

खऱ्या मार्गाशी तुलना केली तर गंमत वाटेल. रोह्यापासून पुढे जाणारी कोकण रेल्वे १९९३ मध्ये वीरपर्यंत आली आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. तिचे सर्वांत आवळलेले वळण १२५० मीटर त्रिज्येचे ठेवलेले आहे, कारण गाडी वेगाने जावी हा हेतू होता. ते आपल्या मापात आणले तर चौदा मीटरहून जास्त होईल. चाळीतल्या चार-पाच खोल्या ओळीने मोकळ्या केल्या तरच ते मावेल! उलट आपल्याच जिल्ह्यात नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ पासून डोंगर चढते आहे. तिथे वळणे इतकी आवळलेली की खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन दिसते. म्हणजे वळण किती ठेवायचे हे जागा, वेग आणि गाडीची लांबी मिळून ठरवतात. खोलीतली रेल्वे बांधणाऱ्याला नेहमी थोडी माघार घ्यावीच लागते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. तिथली गाड्यांनी गजबजलेली नगरी याच एचओ मापाची आहे. मुलाला एकदा दाखवून आणा. पण तिथे गाड्यांकडे कमी आणि वळणांकडे जास्त बघायला सांगा.

माझी सूचना अशी. गोल करू नका. खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात दोन फळ्या बसवा आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे वळणारा एकच मार्ग घाला. एका टोकाला पेण, दुसऱ्या टोकाला रोहा, मध्ये तुमचे नागोठणे. आपटा ते रोहा हा मार्ग १९८६ मध्ये सुरू झाला, त्यामुळे आजोबांना बांधकामाच्या दिवसांच्या आठवणीही असतील. फळी एक फूट रुंद पुरे, कोपऱ्यात मात्र तिरकी जोडफळी लागेल. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन मीटर जागा लागते, म्हणजे साडेसहा फूट. दहा बाय दहाच्या खोलीत दार सोडून हे बसते. फळी छातीच्या उंचीवर असली की खाली अंथरूण-पांघरूण, पेटी, काहीही ठेवता येते. घरातल्या बाईची जागा अडत नाही, आणि रुळाच्या पातळीवर डोळा लावून पाहता येते.

आता मुख्य गोष्ट, वळण. लवचिक रूळ हातात धरून वाकवला की तो सगळीकडे सारखा वळत नाही. मध्ये जास्त वळतो, टोकांना सरळ राहू पाहतो. नुसत्या डोळ्यांनी ठोकत गेलात तर सुंदर दिसते, पण गाडी एका ठिकाणी न चुकता घसरते. म्हणून रूळ हातात घेण्याआधी फळीवर पेन्सिलने रेघ काढायची. दोन-अडीच फुटांची एक पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, साठ सेंटिमीटरवर भोक पाडून पेन्सिल, आणि पाव गोल काढा. दोन्ही भिंतींलगतच्या सरळ रेघाही काढा. मात्र त्या गोलाला टेकू देऊ नका, गोलाच्या बाहेर अकरा मिलिमीटर दूर ठेवा.

हे अकरा मिलिमीटर कशासाठी? सरळ रुळावरून गाडी एकदम वळणात शिरली तर तिला झटका बसतो. खऱ्या रेल्वेत सरळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू वाढत जाणारे एक मधले वळण असते. आपल्याला ते काढायला कसलेही सूत्र नको. बुरुडाकडून बांबूची एक सारखी सोललेली लांब कामटी आणा. तिचे एक टोक सरळ रेघेवर धरा, दुसरे गोलावर, आणि मधला चाळीस सेंटिमीटरचा भाग मोकळा सोडा. कामटी आपोआप जी वाट घेईल ती मधली रेघ. बांबू ठिकठिकाणी जाड-बारीक नसला म्हणजे झाले. महागड्या प्लास्टिकच्या पट्ट्या यासाठी मिळतात. कामटी त्यांच्याइतकेच चोख काम करते.

आता आजोबांकडे येऊ. खरे वळण बरोबर आहे की नाही हे रेल्वेत कसे तपासतात? वीस मीटरची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची आणि मधोमध दोरी व रूळ यांच्यात किती अंतर पडते ते मोजायचे. मग दहा मीटर पुढे सरकून पुन्हा तेच. १२५० मीटरच्या वळणावर हे अंतर चाळीस मिलिमीटर येते. सगळीकडे चाळीस येत असेल तर वळण सारखे आहे. एखाद्या ठिकाणी पंचेचाळीस आणि पुढे पस्तीस आले तर तिथे रूळ सरकला आहे, तिथे पहार लावायची. ताईंच्या सासऱ्यांनी अशी दोरी उभ्या आयुष्यात किती वेळा धरली असेल! साहेबाच्या वहीत आकडा लिहिला गेला, पण दोरी ताणणारा हात आणि रूळ सरकवणारा खांदा गँगचा होता. आणि मुकादम तर दोरीच्याही आधी रुळावर वाकून, एक डोळा मिटून सांगतो की अमुक स्लीपरपाशी पोट आले आहे. तुकडा डोळ्याशी धरणारे आजोबा तेच करत असावेत.

या कामाला शिक्षण लागत नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते बाबासाहेब. आपला माणूस रेल्वेत आला तर तो गँगमन म्हणून येतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, वर जाण्याची वाट त्याला बंद असते, हे त्यांनी तेव्हा मांडले. घराघरांतल्या त्या पिढ्यांनी उन्हातान्हात जे शिकून घेतले ते वहीत कुठे उतरले नाही. ताईंच्या घरी ते उतरवायला नववीतला मुलगा आहे आणि सांगायला आजोबा आहेत. यजमानांनाही रविवारी बोलवा. "घरातही रूळच का" म्हणणारा माणूस चुकीचा ठोकलेला रूळ पाहून गप्प बसणार नाही.

तर मुलाने असे करावे. वीस मीटरऐवजी वीस सेंटिमीटर शिवणाचा दोरा घ्यावा. दोन टोके बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला धरावी आणि मधले अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजावे. साठ सेंटिमीटरच्या वळणावर ते आठ मिलिमीटरच्या आसपास येते. मग दहा सेंटिमीटर पुढे. सरळ रुळावर शून्य. मधल्या वळणात दोन, चार, सहा असे चढत जावे, गोलावर आठ-आठ राहावे आणि पुढे तसेच उतरावे. आकडे वहीत लिहावेत. दोरा आजोबांनी धरावा, पट्टी मुलाने. दोन, सहा, तीन, आठ असे काही आले तर तिथे गाडी उडणार हे गाडी न चालवताच कळते. हे मापन टाचण्या पक्क्या करण्याआधी करायचे, म्हणजे काहीच वाया जात नाही. खऱ्या रुळांवर जाऊन काही मोजण्याच्या फंदात मात्र मुलांनी पडू नये. जे पाहायचे ते फलाटावरून पाहावे, बाकीचे आजोबांना विचारावे.

आता जोडणी. येथे एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते. लवचिक रूळ वाकवला की आतला रूळ टोकाला बाहेर डोकावू लागतो, कारण आतली वाट जवळची. किती डोकावतो? काटकोनात वळणाऱ्या रुळाला सुमारे २६-२७ मिलिमीटर. वळण साठ सेंटिमीटरचे असो की सहा मीटरचे, हा आकडा बदलत नाही. तो फक्त किती वळलो आणि दोन रुळांत अंतर किती यावर ठरतो. खऱ्या ब्रॉडगेजवर तोच काटकोन वळताना दोन रुळांच्या लांबीत अडीच मीटरहून जास्त फरक पडतो. आजोबांना विचारा, वळणावर आतल्या रुळाचे सांधे पुढे निघून जातात म्हणून काय करत असत.

म्हणून रूळ आधी कधीच कापायचा नाही. आधी वाकवायचा, बसवायचा, मग जे बाहेर आले ते कापायचे. काही जातींत एक रूळ घट्ट आणि एक सैल असतो. सैल रूळ वळणाच्या आतल्या बाजूला येईल असा तुकडा धरा, म्हणजे तो मोकळेपणी पुढे सरकतो.

तुमच्या मार्गात पूर्ण वळणाची लांबी १३४ सेंटिमीटर होते, म्हणजे एका तुकड्यात मावत नाही. वळणात सांधा आला की तिथे रूळ सरळ होऊ पाहतो आणि कोपरा पडतो. यावर उपाय असा: दोन तुकडे टेबलावर अगदी सरळ ठेवून एकमेकांना जोडा आणि सांध्याला डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. थंड झाल्यावर ती १८३ सेंटिमीटरची एकच लांब पट्टी समजून वाकवा, सांधा वळणाच्या मधोमध येऊ द्या. दोन्ही टोकांना पाव-पाव मीटर सरळ भाग उरतो. उरलेले दोन तुकडे दोन्ही बाजूंना सरळ घाला. चारही तुकडे कामी येतात आणि तोडायचे ते फक्त वळणाच्या टोकांना बाहेर आलेले एकूण अडीचेक सेंटिमीटर.

डाग देणे नववीच्या मुलाने एकट्याने करू नये. जवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला विनंती करा, तो पाच मिनिटांत करून देईल आणि शिकवीलही. पंचवीस वॅटची इस्त्री पुरते. प्लास्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवायचा. आम्लाचा फ्लक्स वापरू नका, तो पुढे रूळ खातो, राळेचा वापरा. काम झाल्यावर हात धुवावेत, सोल्डरमध्ये शिसे असते.

कापण्यासाठी सोनाराची बारीक करवत सर्वांत चांगली. लोखंड कापायचे जाड पाते रूळ ओढते आणि आकडे तोडते. लाकडाच्या दोन पट्ट्यांत रूळ दाबून धरा, सावकाश कापा, मग बारीक कानशीने टोक घासा. आतल्या कडेवरून नख फिरवून पाहा. नख अडले तर चाकही अडणार. जोडणारी पत्ती, म्हणजे आपली फिशप्लेट, रुळाच्या तळावर सरकते, आणि टोकाच्या स्लीपरवरचे आकडे तिच्या आड येतात. म्हणून टोकाचा एखाद-दुसरा स्लीपर सोडवून बाजूला ठेवा, वरून थोडा घासून पातळ करा आणि सांधा झाल्यावर खाली सरकवून परत बसवा. ही जागा रिकामी ठेवलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. दोन स्लीपर नसलेला सांधा पाहून कोणत्याही चावीवाल्याला झोप येणार नाही.

ठोकताना सगळ्यांत मोठा मोह म्हणजे टाचणी घट्ट बसवण्याचा. घट्ट ठोकली की प्लास्टिकचा स्लीपर मध्ये दबतो, दोन्ही रूळ आत कलतात आणि अंतर कमी होते. डोळ्याला दिसत नाही, चाकाला कळते. टाचणीचे डोके आणि स्लीपर यांच्यामध्ये कागद सरकला पाहिजे. रूळ जागेवर राहावा, आवळला जाऊ नये.

आणि आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. परदेशी पुस्तकांत उन्हाळ्या-हिवाळ्याचा विचार असतो, आपल्या पावसाळ्याचा नसतो. धातू उन्हाने वाढते. तेरा मीटरचा खरा पोलादी रूळ तीस अंश तापला तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास वाढतो. जुन्या मार्गांवर प्रत्येक सांध्याला फट ठेवत आणि गाडीचा तो ताल त्यातूनच येई. तुमचा एक वाराचा रूळ वीस अंशांनी तापला तर एक तृतीयांश मिलिमीटरही वाढत नाही. पण लाकूड! जून-जुलैत दमट हवेने फळी फुगते, थंडीत आवळते. दाराची चौकट पावसात कशी अडते ते प्रत्येक घराला माहीत आहे. फळी आवळते तेव्हा वरचा रूळ जागा मागतो, आणि ती नसेल तर वर उचलला जातो किंवा बाजूला फुगतो.

यासाठी दोन गोष्टी करा. साधी फळी न घेता चांगले प्लायवूड घ्या आणि वर, खाली, चारही कडांना तेलरंगाचे दोन हात द्या. कडा विसरू नका, पाणी कडेतूनच शिरते. होडी पाण्यात ढकलण्याआधी तिला काय काय लावतात ते कोळीवाड्यात पाहिलेच असेल, तसेच समजा. दुसरे म्हणजे वळणाच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना डाग देऊ नका, तिथे फट ठेवा. जानेवारीच्या गार सकाळी काम करत असाल तर पोस्टकार्डाच्या जाडीहून थोडी जास्त. मे महिन्याच्या दुपारी करत असाल तर वहीच्या कागदाएवढी बस्स, कारण रूळ आधीच ताणलेला असतो. पोस्टकार्ड सांध्यात घालूनच रूळ ठोकायचा आणि मग ते काढून घ्यायचे.

वीज मात्र या सांध्यांच्या भरवशावर सोडू नये. इंजिनाला रुळांतूनच बारा व्होल्टची एकदिश वीज मिळते, एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परतते. खाऱ्या हवेने पत्तीच्या आत मळी धरते आणि गाडी सांध्यापाशी अडखळते. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांना खालून एक-एक बारीक तार डागून ती फळीखालच्या मुख्य तारेला जोडावी. रूळ काळवंडले तर शाळेचे खोडरबर फिरवावे. पॉलिश पेपर वापरू नये, त्याच्या ओरखड्यांत आणखी मळ साठतो.

खडीची घाई करू नका. दुकानात पुडीत मिळते ती महाग, आणि किनाऱ्यावरची वाळू आणायचा विचार तर मनातही नको. तिच्यात मीठ असते. क्रशरवरची दगडाची कच मूठभर मिळाली तरी चालते. आपल्या खऱ्या रुळाखालीही हाच काळा दगड आहे. खरी खडी वीस ते पासष्ट मिलिमीटरची, ती या मापात बारीक रव्याएवढी होते. चहाच्या गाळणीने चाळून घ्या. नंतर तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. काळ्या दगडात लोखंडाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटारीत गेले तर मोटार बसते. खडी पसरून पाण्याचा फवारा मारायचा, मग फेव्हिकॉल आणि पाणी सारखे मिसळून त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचे. एकदा हे वाळले की रूळ हलवता येत नाही. म्हणून रूळ या सुट्टीत घाला, एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्या, दोऱ्याने पुन्हा मोजा, आकडे वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि खडी दिवाळीच्या सुट्टीत टाका.

मुलाने पत्राच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला, पेणहून थळच्या खत कारखान्याकडे जाणारा फाटा दाखवता येईल का? येईल, पण त्याला सांधेबदल लागतो आणि तो रुळाच्या तुकड्यापेक्षा महाग असतो. पेणच्या बाजूचा सरळ तुकडा डाग न देता ठेवलेला आहेच, पुढे पैसे जमले की तेवढाच उचलून मध्ये बसवता येईल. दुसरा प्रश्न, गाडी किती वेगाने चालवावी? ताशी पन्नास किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला सोळा सेंटिमीटर जाते. म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंत तुझ्या ३६६ सेंटिमीटरना तेवीस सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ आजोबांच्या हातात दे. पाच सेकंदांत पोचली तर ते गाडी थांबवतील, लाल कापड घरात असेलच.